शुभदाची झोप

"मॅडम, आता काय करू?" गीतांजलीने विचारलं, आणि शेजारच्या सीटवरून उत्तर आलं नाही.

समोर वळण होतं. वळणावर शहाळेवाल्याची हातगाडी उभी होती. आपला पाय क्लचवर आहे की ब्रेकवर, हे गीतांजलीला कळेनासं झालं. "मॅडम! अहो, शुभदा मॅडम!" असं ती ओरडेपर्यंत गाडीचं पुढचं चाक फुटपाथवर चढलं. गाडीने एक आचका दिला आणि हातगाडीला टेकून ती बंद पडली. शहाळी धडाधड खाली आली. दोन-चार बॉनेटवर आपटली, बाकीची घरंगळत गटाराच्या झाकणापर्यंत गेली.

त्या आवाजाने शुभदा जागी झाली. तिच्या पायापाशीही एक ब्रेक होता, शिकवणाऱ्यासाठी लावलेला. सवयीने तिचा पाय त्याच्यावर जोरात दाबला गेला, पण तोवर दाबण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"क्या मॅडम, देखके सिखाओ ना! अभी मैं इधर खडा होता तो?" शहाळेवाला काचेवर थापा मारत होता. गीतांजलीचे हात अजून स्टिअरिंगवर घट्ट होते. बावन्न-त्रेपन्न वर्षांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा गाडी शिकायला निघालेली. तिने मान वळवून शुभदाकडे पाहिलं.

"तुम्ही झोपला होतात?"

"हो," शुभदा म्हणाली.

कोपरखैरण्यात नजीबभाईंचं मोटर ट्रेनिंग स्कूल होतं. शुभदा तिथे बायकांना गाडी शिकवायची. नवऱ्याने वा भावाने आरडाओरडा करून अर्धवट सोडून दिलेल्या बायका तिच्याकडे यायच्या आणि महिन्याभरात ठाणे-बेलापूर रोडवर गाडी घालायच्या. नजीबभाई म्हणायचे, "आमच्या शाळेत गाड्या चार, पण नाव मॅडमचं." तळोज्याकडचा कोकणी मुसलमान माणूस, बोलायला मऊ. त्या दिवशी त्यांनी शहाळेवाल्याला शांत केलं, गीतांजलीला पाणी दिलं, ती गेल्यावर शुभदासमोर खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, शहाळ्याचं सोडा. उद्या तिथं एखादं पोर असलं तर?"

"मी तेच म्हणते, नजीबभाई."

"वाईट वाटून घेऊ नका. थोडे दिवस आत बसा. फोन घ्या, कुणाचं टायमिंग कधी ते लावा. गाडीवर नको."

शुभदाने मान डोलावली. मान डोलावली तेव्हा मानेपासून डाव्या खांद्यात एक कळ गेली. पण अशी कळ जाणं ही काही बातमी नव्हती.

दुखणं सुरू झालं त्याला तीन-चार वर्षं झाली होती. एकदा ताप आला, ताप उतरला, पण अंगदुखी मागे राहिली ती राहिलीच. आधी पाठ, मग मांड्या, मग मनगटं, मग सगळंच. गाडीचा पट्टा खांद्यावर घासला तरी तिथे चटका बसल्यासारखं व्हायचं. बांगडी सरकली तरी दुखायचं. केस विंचरायला हात वर नेला की तो तसाच खाली यायचा. तिने तपासण्या केल्या, फोटो काढले, रक्त दिलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. दुखणं एका जागी असलं की माणसं तिथे बघतात, हात लावतात, तेल चोळतात. अंगभर दुखतं म्हटलं की ऐकणाऱ्याला ते कुठेच नाही असं वाटतं. शेवटी नेरुळच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला नाव दिलं, फायब्रोमायॅल्जिया. घरात त्याचं झालं 'आईचं ते फायब्रो'.

दुखण्यावरची गोळी चालू झाली. तिने दुखणं गेलं नाही, पण त्याची धार बोथट झाली. मात्र ती गोळी झोप आणायची, आणि ती झोप वेळ बघत नव्हती. शुभदा रिक्षात झोपायची. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ओट्याला टेकून उभ्याउभ्या झोपायची. एकदा दाराशी आलेल्या दूधवाल्याशी बोलताना तिचा डोळा लागला, आणि तो बिचारा पिशवी हातात धरून तसाच थांबला.

शहाळ्यांच्या प्रकारानंतर ती पुन्हा नेरुळला गेली.

"दुखण्याची गोळी कमी केली तर?" तिने विचारलं.

"मागे केली होती ना. काय झालं होतं?"

"केस विंचरता येईनात."

डॉक्टरांनी पॅड पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "एक दुसरी गोळी देऊन बघू. जागं ठेवणारी. पण नीट ऐका, शुभदाताई. ही दुखणं कमी करणार नाही. थकवाही घालवणार नाही. तुम्ही थकलाय हे तुम्हाला कळू देणार नाही, एवढंच. सकाळी एकच घ्यायची, दुपारनंतर अजिबात नाही. छातीत धडधडलं तर बंद करायची आणि मला फोन. आणि कशी लागू पडते ते कळेपर्यंत गाडीवर बसायचं नाही."

"कळेल ना मग? थकलेय ते?"

"तुम्हालाच लक्ष ठेवावं लागेल."

ती गोळी पहिल्यांदा घेतली त्या सकाळी शुभदाने स्वयंपाकघरातली जळमटं पाहिली. ती कधीपासून होती कोण जाणे. तिने स्टूल घेतलं, ती काढली. मग डबे पुसले. मग फ्रीजमागचं काढलं. खांदे ठणकत होते, पण झोप नव्हती, आणि झोप नसली की माणूस काम करत राहतो. संध्याकाळी नवरा, सुमेध, तुर्भ्याच्या गोदामातून परत आला तेव्हा घरात भाजीचा वास होता आणि शुभदा उभी होती.

"अरे वा!" तो दारातच म्हणाला. "आज काय विशेष?"

"नवीन गोळी."

"आधीच द्यायला पाहिजे होती यार त्यांनी." तो खरंच खूश झाला होता. इतके दिवस संध्याकाळचा भात-आमटी तोच लावायचा, कपडे वाळत घालायचा, कधी कुरकुरला नव्हता. मुलगी मैत्री बारावीला होती. तीही सकाळी आईचे केस विंचरून द्यायची, पाण्याची बादली उचलून द्यायची. त्या रात्री तिघं बरोबर जेवली. सुमेधने गोदामातल्या कुठल्याशा मॅनेजरची नक्कल केली. मैत्री हसली. आपणही हसायला हवं हे शुभदाला कळलं, आणि ती हसली.

महिन्याभरात ती गाडीवर परत गेली. नजीबभाईंनी पहिले चार दिवस स्वतः मागच्या सीटवर बसून बघितलं, मग म्हणाले, "माशाल्ला, मॅडम. आता टेन्शन नाही." गीतांजलीही परत आली. डोळे सताड उघडे ठेवून शुभदा शेजारी बसायची. पाय ब्रेकवर. सिग्नल, सायकलवाला, मध्येच आडवं येणारं कुत्रं, तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

सगळे म्हणू लागले, शुभदा बरी झाली.

आणि मग एकेक गोष्ट परत तिच्याकडे येऊ लागली. कुणी वाईटपणाने केलं असं नाही. भात-आमटी आली. कपडे आले. सोसायटीच्या बायकांनी हळदीकुंकवाऐवजी ठेवलेल्या स्नेहसंमेलनाचं जेवण सांगायचं काम आलं. एका सकाळी तिने मैत्रीला हाक मारली.

"मैत्री, जरा केस विंचरून देतेस?"

"आई, क्लास आहे गं. उशीर झालाय." मैत्री बुटाची नाडी बांधत होती. मग मान वर करून तिने विचारलं, "तू बरी झालीस ना आता?"

शुभदा फणी हातात घेऊन उभी होती. "हो," ती म्हणाली. "जा तू."

दुखण्याचं तिला काही दाखवता येत नव्हतं. सूज नव्हती, जखम नव्हती, कागदावर काही येत नव्हतं. दिसायची ती फक्त झोप. बसल्या जागी मान पडलेली बाई बघून लोक म्हणायचे, बिचारीला काहीतरी होतंय. आता मान ताठ होती. झोपेबरोबर दुखणंही गेलं असं सगळ्यांनी धरलं, आणि ते तसं नाही हे प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिने सांगितलं नाही.

तिचं तिला आणखी एक जाणवत होतं, पण ते तर सांगण्यासारखंही नव्हतं. काही आतपर्यंत पोचत नव्हतं. जेवण तोंडात फिरायचं. टीव्हीवर कुणी मेलं काय, लग्न झालं काय, सारखंच. गीतांजलीला लायसन मिळालं तेव्हा ती पेढे घेऊन आली. शुभदाच्या हातात पेढा ठेवत म्हणाली, "मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना? आधी तुम्ही माझ्यावर ओरडायचात. गिअर चुकला की 'अहो, ती काय पळी आहे का' म्हणायचात. आता ओरडतच नाही."

"तुम्ही चुकत नाही आता."

"चुकते हो," गीतांजली म्हणाली. "कालसुद्धा चुकले."

पावसाळा संपता संपता आप्पांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

आप्पा म्हणजे शुभदाचे वडील, सदू गमरे. महाडकडचं गाव सोडून तरुणपणी आले आणि तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागले. रिटायर झाल्यावर नावड्याच्या कॉलनीत दोन खोल्यांत शुभदाची आई वेणूबाई आणि ते, शेजारच्याच इमारतीत मुलगा धम्मपाल. शुभदाला गाडी शिकवली ती आप्पांनी. रविवारी कंपनीच्या रिकाम्या आवारात टेम्पोत तिला बसवायचे आणि स्वतः शेजारी डोळे मिटून बसायचे. "मी बगत न्हाय. चुकलीस तरी मला कलनार न्हाय. चालव." त्या काळी त्यांच्या वस्तीत मुलीला कुणी सायकलही देत नव्हतं.

आता त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. धम्मपालची कंपनीत शिफ्ट, घरात तान्हं बाळ. त्याने फोन केला.

"ताई, सकाळी आई असते, रात्री मी येतो. दुपारचं तू बघशील? तू तर आता फ्रेश असतेस."

"बघते," शुभदा म्हणाली.

सकाळी शिकवणी, मग पनवेलचा दवाखाना, संध्याकाळी घर. सकाळची गोळी दवाखान्यात पोचेपर्यंत ओसरायला लागायची. लोखंडी स्टुलावर बसलं की कमरेतून आग निघायची आणि पापण्या जड व्हायच्या. दुपारनंतर नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने दुपारच्या जेवणाआधी दुसरी घ्यायला सुरुवात केली. छातीत धडधडायचं. ती थोडा वेळ जिन्यात उभी राहायची, मग आत जायची. नेरुळला फोन तिने केला नाही. केला असता तर गोळी बंद झाली असती, आणि मग दुपारचं कोण बघणार होतं?

रात्री आता झोप येईना. दिवसभर झोपेला हाकलायचं आणि रात्री तिची वाट बघत पडायचं.

आप्पांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. बोलताना दम लागायचा, म्हणून ते फारसं बोलत नसत. एका दुपारी ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"शुभे."

"काय आप्पा? पाणी?"

"न्हाय." त्यांनी श्वास घेतला. "तुला काय झालाय?"

"कुठे काय? बरी आहे मी."

"डोले उगडे हायत तुजे," ते म्हणाले. "पन तू कुटं हायस?"

शुभदाने त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. तिला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. ती थांबली. आलं नाही. मग ती मोसंबी सोलू लागली.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी आप्पा गेले. दुपारी चहाच्या वेळी, ती तिथेच असताना. पडद्यापलीकडच्या खाटेवरच्या पेशंटची सून ग्लासात चहा ओतत होती. शुभदाला आप्पांचा श्वास लांबत गेलेला ऐकू आला, मग ऐकू आला नाही. तिने नर्सला हाक मारली. डॉक्टर धावत आले, त्यांनी छाती दाबली, मशीन लावलं. ती भिंतीला पाठ लावून सगळं बघत होती. नर्सच्या नखांवरचं निम्मं उडालेलं पॉलिश तिला दिसलं. खाटेखाली पडलेली मोसंब्याची साल दिसली. इतकं स्वच्छ तिला आयुष्यात कधी दिसलं नव्हतं.

डॉक्टरांनी मान हलवली. तिने "बरं" म्हटलं.

मग तिने बाहेर येऊन धम्मपालला फोन केला, सुमेधला केला, गावच्या चुलत्याला केला, बौद्धाचार्यांना केला. शववाहिकेचं बघितलं. रडत आलेल्या धम्मपालला खाली बसवून पाणी पाजलं. आईला नावड्याला जाऊन तिनेच सांगितलं. वेणूबाई भिंतीला धरून खाली बसल्या आणि शुभदा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. स्मशानात येणारे-जाणारे म्हणत होते, "पोरगी खंबीर आहे हो सदूची. बघा, डोळ्यात टिपूस नाही."

घरी आल्यावर ती बाथरूमचं दार लावून पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली. नळ सोडला. बराच वेळ बसली. काही झालं नाही. मग कपडे बदलून ती बाहेर आली आणि तिने भात लावला.

आप्पांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी ठेवला होता. नावड्याच्या कॉलनीत इमारतीसमोर मोकळी जागा होती, तिथे मंडप घालायचा ठरलं. गावाकडून लोक यायचे होते, कंपनीतले जुने लोक यायचे होते. थोरली म्हणून आदरांजलीचे दोन शब्द शुभदाने बोलायचे, असं धम्मपालने सांगून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी सुमेध पांढरा शर्ट घालत होता. शुभदा पांढरी साडी नेसून टेबलाशी उभी होती. समोर पाण्याचा ग्लास होता, गोळ्यांची पट्टी होती. तिने दुखण्याची गोळी घेतली. दुसरी पट्टी हातात धरली आणि परत डब्यात टाकली.

सुमेधने ते पाहिलं. "ती घेतली नाहीस?"

"नाही."

"अगं, आज? किती लोक येणारेत. तिथं झोपलीस तर?"

"झोपेन."

"शुभदा, बोलायचंय तुला."

"ती घेऊन मी आप्पांना जाताना बघितलं," ती म्हणाली. "मला काहीच झालं नाही, सुमेध. आज मला ती नको."

सुमेध शर्टाचं बटण अर्धवट लावून तिच्याकडे बघत राहिला. "चल," तो म्हणाला. "रिक्षा बघतो मी."

मंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या, मागे खुर्च्या लावल्या होत्या. पुढे टेबलावर पांढरं कापड घालून त्यावर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा ठेवल्या होत्या, आणि बाजूला आप्पांचा फोटो. फोटोतला शर्ट कंपनीचा होता. शुभदा आईशेजारी पहिल्या रांगेत खाली बसली. खाली बसताना तिच्या गुडघ्यांतून, कमरेतून, मांड्यांतून दुखणं सरळ वर आलं. कितीतरी दिवसांत ते असं आलं नव्हतं. गोळीच्या दिवसांत दुखायचं तेव्हाही ते दुसऱ्या खोलीत कुणी बोलत असावं तसं ऐकू यायचं. आता ते इथे होतं, तिच्या सतरंजीवर. तिचे डोळे मिटायला लागले.

बौद्धाचार्यांनी मेणबत्ती लावली. सगळे हात जोडून सावरून बसले आणि त्रिसरण सुरू झालं. बुद्धं सरणं गच्छामि. शंभर-दीडशे माणसांचा आवाज एकदम निघाला, खालच्या पट्टीत, एका लयीत. शुभदाचे ओठ हलत होते. दुसऱ्या खेपेचं दुतियम्पि म्हणेपर्यंत ती होती. तिसऱ्या खेपेचं ततियम्पि तिला ऐकू आलं, पण लांबून. तिने आप्पांच्या फोटोकडे बघायचा प्रयत्न केला. मग तिचं डोकं आईच्या खांद्यावर आलं.

पुढचं तिला मैत्रीकडून कळलं, कितीतरी दिवसांनी.

पंचशील झालं, गाथा झाल्या, तरी ती उठली नाही. खांद्यावरून तिचं डोकं आईच्या मांडीवर घसरलं, पाय आपोआप लांब झाले. मागच्या रांगेतल्या बायकांनी आधी एकमेकींकडे बघितलं. कुणी म्हणालं चक्कर आली, कुणी पाणी आणलं. मग एक जण म्हणाली, "चक्कर कसली, घोरतेय ती." दोघी-तिघी हसल्या आणि गप्प झाल्या. कंपनीतले एक साहेब बोलले. गावचे चुलते बोलले. मग धम्मपालने माइक हातात घेऊन सांगितलं, "आता माझी थोरली बहीण शुभदाताई दोन शब्द बोलतील."

कुणीच उठलं नाही. मंडपात चुळबुळ झाली. धम्मपाल माइक ठेवून खाली आला, लाल होऊन तिच्या खांद्याला हात घालणार, एवढ्यात वेणूबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"हात नको लावू तिला."

"आई, लोक बघतायत. बापाच्या कार्यात ही अशी..."

"बगू दे."

"अगं पण काय सांगू मी त्यांना?"

वेणूबाईंनी एका हाताने शुभदाच्या तोंडावर आलेला पदर बाजूला केला. "सांग, तिचं आंग दुकतंय."

"आई..."

"आंग दुकतंय तिचं. तीन-चार वर्सं झाली. सांग माइकवर."

मैत्री सांगत होती, मामा परत माइकपाशी गेला. त्याने माइक दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "ताईचं अंग दुखतंय. बरेच दिवस दुखतंय. ती बोलू शकणार नाही." आणि तिथेच उभा राहून तो रडायला लागला. आप्पांसाठी की कशासाठी, ते कुणाला कळलं नाही.

मैत्रीने हे सांगितलं तेव्हा तीही थोडी रडली होती. शुभदाने ऐकून घेतलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी शुभदाला जाग आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आधी तिला वर कापड दिसलं नाही, नुसतं आकाश दिसलं, त्यात एक विमानाची रेघ. मंडपाचं छत उतरलं होतं. खांबही निम्मे निघाले होते. टेबल नव्हतं, प्रतिमा नव्हत्या, फोटो नव्हता. खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधल्या होत्या. सगळ्या सतरंज्या गुंडाळून टेम्पोत चढल्या होत्या. मोकळ्या जागेत मधोमध एकच सतरंजी राहिली होती. तिच्यावर ती होती, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन आई बसली होती. पायांवर कुणीतरी सुमेधचा शर्ट टाकला होता. जरा पलीकडे, जेवणाच्या पातेल्यांपाशी, सुमेध बनियनवर उभा राहून भांडी मोजून देत होता.

टेम्पोच्या फळीवर मंडपवाला गोटीराम आणि त्याची दोन माणसं पाय सोडून बसली होती. हातात चहाचे कागदी ग्लास होते.

"काकू," गोटीराम हळू आवाजात म्हणाला, "आमाला तिकरं हलदीचा मांडव टाकायचा हाय. पाच वाजता टाईम दिलाय."

"टाका की. पन ती उटंस्तवर ह्या सतरंजीला हात लावायचा न्हाय."

"लावत न्हाय, काकू. आमी बसलोय ना." तो पुन्हा चहा पिऊ लागला.

शुभदाने हालचाल केली. अंग सगळीकडून दुखत होतं, नेहमीसारखं. उजव्या गालावर आईच्या साडीची घडी उमटली होती. ती बोटांना लागली. तोंड कोरडं पडलं होतं.

"झाला कार्यक्रम?" तिने विचारलं.

"झाला."

"मी झोपले."

"हां."

"लोक जेवले?"

"जेवले. तुजं झाकून ठेवलंय." वेणूबाईंच्या मांडीला मुंग्या आल्या असणार, पण त्यांनी पाय हलवला नव्हता. "अजून पडायचंय?"

शुभदाने टेम्पोकडे पाहिलं. "नको. त्यांना जायचंय."

ती एका कुशीवर झाली, हातावर भार दिला, तिथे थांबली. मग आईच्या खांद्याला धरून उठली. आईही तिला धरून उठली. दोघींनाही एकदम जमलं नाही, दोघी थोड्या डुलल्या आणि मग उभ्या राहिल्या. गोटीरामने ग्लास खाली ठेवला आणि तो टेम्पोतून उतरला. त्याच्या माणसाने घाईने सतरंजीची कड उचलली, तसं त्याने हातानेच त्याला थांबवलं. दोघी अजून सतरंजीवरच उभ्या राहून चपला शोधत होत्या.

चपला पायात घालून त्या बाजूला झाल्या, तेव्हा तो पलीकडच्या टोकाला जाऊन खाली बसला आणि सतरंजी सावकाश गुंडाळायला लागला.